किती अंधार म्हणजे संध्याकाळ

इंदूरजवळच्या राऊ गावातल्या आमच्या घराचं कुलूप आज पुन्हा अडलं. तेल सोडलं, किल्ली दोनदा काढून घातली, तेव्हा कुठे उघडलं. आत तोच वास. तांदळाचं तूस, गुळाचं पाणी आणि तापलेला पत्रा. मागच्या शेडमध्ये पिल्लं नाहीत त्याला चार थंड्या झाल्या, भिंतींना दोनदा चुना दिला, तरी वास गेलेला नाही. मुलगी म्हणते, "आई, तुला भास होतो. तिथे काही स्मेल नाहीये." असेल.

ती इंदूरमध्ये विजय नगरला राहते, अकराव्या मजल्यावर, आणि आता मीही तिच्याकडेच असते. तिथे संध्याकाळ होत नाही. आकाश काळं व्हायच्या आत खालचे सगळे दिवे लागतात, मॉलचे, ऑफिसांचे, गाड्यांचे, आणि मग सकाळपर्यंत तसंच पिवळट पांढरं राहतं. दोन-तीन महिन्यांतून एकदा ती मला सकाळी इथे सोडते आणि काम संपलं की न्यायला येते. मी झाडते, पुसते, कडुनिंबाखालचा पाला गोळा करते.

आज झाडत असताना बाहेर खणण्याचा आवाज आला. रस्त्यापलीकडे दोन माणसं खड्डा खणत होती आणि बाजूला एक लांब लोखंडी खांब आडवा पडला होता. झाडू हातात धरून मी किती वेळ उभी राहिले कोण जाणे. त्यातल्या एकानं विचारलं, "अम्मा, पानी मिलेगा?" तेव्हा भानावर आले. पाणी दिलं. मग मागे शेडमध्ये जाऊन भिंतीवरची पेटी पुसायला घेतली.

पेटी चहाच्या खोक्याच्या फळ्यांची आहे. झाकण उघडलं की आत एक हिरवी पट्टी, तिच्यावर मणी ओवावेत तसे रंगीत तुकडे, आणि एका कोपऱ्यात काड्यापेटीएवढा चौकोनी रिले, टिक करून दिवे लावणारा-विझवणारा. पेटीतून एक वायर निघून शेडच्या दारावर जाते. तिथे बाहेरच्या बाजूला कॅमेऱ्याच्या रिळाची काळी डबी बसवली आहे, मावळतीकडे तोंड करून. त्या डबीत मसुरीच्या दाण्याएवढी एक चकती आहे. तिला उजेड कळतो. तिचं नाव मला कधी नीट उच्चारता आलं नाही, म्हणून मी तिला डोळा म्हणत असे. मग आमचे हेही डोळाच म्हणू लागले.

हे महूला फौजेच्या वर्कशॉपमध्ये रेडिओ दुरुस्त करायचे. सासरे फौजेत शिपाई होते, त्यामुळे घरात सगळं वेळेवर आणि सगळं मोजक्या शब्दांत. मी खानदेशातली. चौथी झाल्यावर शाळा सुटली, लग्न होऊन महूला आले तेव्हा हिंदीचा एक शब्द येत नव्हता, आणि मराठीही मी कमीच बोलायची. माझी नणंद कमलताई म्हणायची, "हिनं तोंडात मूग धरलेत. थुंकेल तेव्हा मोड आलेले निघतील." सगळे हसायचे. हे हसत नसत. यांना माझं गप्प असणं कधी खुपलं नाही. रेडिओ उघडून बसले की यांनाही शांतताच लागायची.

मग यांची नजर जाऊ लागली. आधी कडेचं गेलं. ताटातली वाटी दिसायची, ताटाबाहेरचं तांब्याभांडं दिसायचं नाही. मग मधलंही धुरकट झालं. नोकरी सुटली तेव्हा राऊच्या या जागेवर दोन खोल्या होत्या, मागे पत्र्याची शेड होती, आणि चौफेर बटाट्याची शेतं. झाबुआकडून कडकनाथ कोंबड्यांची शंभर पिल्लं आणली. काळी पिल्लं, काळ्या चोची, काळे पाय. हे म्हणाले, "बरं झालं. मला सगळंच काळं दिसतं, म्हणजे ही तर बरोबर दिसतील."

असं काही म्हणाले की मी दाणे पाखडायला घ्यायची.

पण गप्प राहून आता भागणार नव्हतं. रोज संध्याकाळी शेडच्या दारात दोन पाटांवर आम्ही चहा घेऊन बसायचो आणि हे म्हणायचे, "बोल."

पहिल्या दिवशी मी म्हटलं, "संध्याकाळ झाली."

"ते कोंबड्यांना पण कळतं. काय दिसतं ते सांग."

मी घाबरून चहाच पीत राहिले. दुसऱ्या दिवशी म्हटलं, कडुनिंब दिसतो. तिसऱ्या दिवशी म्हटलं, बटाट्याची पोती शेतात उभी आहेत, माणसं पाठमोरी बसल्यासारखी. हे म्हणाले, "हां, असं." मग रोज एकेक शोधून ठेवायची मला सवय लागली. दिवसभर काम करता करता मी बघून ठेवायची, हे सांगायचं, तेही सांगायचं. खरं म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा मी नीट बघायला लागले. यांना माझ्या बोलण्याशिवाय दुसरी खिडकी नव्हती. मी सांगेन तेवढंच जग, आणि मी सांगेन तसंच.

डोळा बसवायचं यांच्या मनात आलं ते एका चुकीमुळे. पिल्लांना पहिले काही आठवडे ऊब लागते. पत्र्याच्या गोल रिंगणात तूस पसरायचं, वर बल्ब टांगायचे. आमच्याकडे एक बल्ब कायम चालू असे आणि बाकीचे तीन, दिवस मावळला की लावायचे. माळव्यात थंडीत ऊन असतं तोवर पत्रा तापतो, पिल्लं मजेत असतात. ऊन गेलं की पाय बर्फ होतात. मी दाण्याच्या पोत्यांसाठी गेले होते तेव्हा यांना वाटलं दिवस मावळला, आणि यांनी भर दुपारी चारी बल्ब लावले. मी आले तेव्हा पिल्लं पंख पसरून, चोची उघड्या टाकून रिंगणाच्या कडेला पडली होती. मी बल्ब बंद केले, पाणी पाजलं. सगळी वाचली. पण हे त्या दिवशी जेवले नाहीत.

सकाळी म्हणाले, "मला दिवस मावळलेला कळत नाही. ज्याला कळतं असं काहीतरी बनवू. अजून थोडं दिसतंय तोवर." मग म्हणाले, "हात तुझे लागतील."

सामान आणायला आम्ही इंदूरला गेलो. दुकानदार चांगला होता. म्हणाला, "अंकलजी, गर्मी नापने वाला तैयार आता है. वो ले जाओ, लगाओ और भूल जाओ."

"भूलना नहीं है भिया. बनाना है," हे इंदुरी बोलीत म्हणाले.

मग राजवाड्याकडून चालत हे मला सराफ्यात घेऊन गेले. दुपारची वेळ होती. सगळ्यांना सराफा ठाऊक असतो तो रात्रीच्या खाऊगल्लीचा. पण दिवसा तिथे दागिन्यांच्या दुकानांच्या पायऱ्यांवर कारागीर बसलेले असतात, पुढ्यात छोटी ज्योत, तोंडात वाकडी फुंकणी. यांनी मला एका कारागिरासमोर उभं केलं. म्हणाले, "बघ आणि सांग."

"फुंकतोय."

"मग?"

"चिमट्यात साखळीची कडी आहे. तिच्यावर बारीक टिकली ठेवलीय. अजून फुंकतोय." मी जवळ वाकले. "आता श्वास धरलाय. टिकली चकाकली. पाण्यासारखी पळाली कडीभर."

"झालं. धातू सांधायचा टाका तो हाच. चकाकली की हात काढायचा, आधी नाही, नंतर नाही. तुला एवढंच शिकायचं आहे."

कारागीर मान वर करून म्हणाला, "क्या भाभी, चेन बनवानी है?"

"नहीं भिया," हे म्हणाले, "ये मुर्गी के बच्चों की आँख बनाएगी."

तो फुंकणी बाजूला ठेवून हसला. मी पदर तोंडाला लावला. पण परतीच्या बसमध्ये माझे हात मांडीवर आपोआप चिमटा धरल्यासारखे बसले होते.

टाका मला माहीत होता तो गोधडीचा. हा वेगळा. कथलाची तार, सोल्डरिंगची गरम सळई, आणि राळ जळल्याचा वास. तो वास मला आवडायचा, धुपासारखा. हे शेजारी पाटावर बसायचे, एका हाताने माझ्या मनगटाचा अंदाज घेत. म्हणायचे, "डावा हात पाठीमागे. विजेच्या कामात एक हात नेहमी घरी ठेवायचा."

रंगीत तुकड्यांवर बारीक पट्टे होते. त्या पट्ट्यांवरून तुकडा किती ताकदीचा ते कळतं. यांना पट्टे दिसत नव्हते.

"काय रंग?"

"तपकिरी, काळा, नारिंगी."

"दहा हजार. पुढचा?"

"पिवळा, जांभळा, विटकरी."

"विटकरी नसतो त्यात. लाल की तपकिरी?"

मी तुकडा खिडकीशी नेला. "वाळलेल्या मिरचीसारखा."

"मग लाल. लाव."

असे कितीतरी दिवस. हरभऱ्याला घाटे धरले होते, शेजारच्या शेतातून कुणीतरी जुडी टाकून जायचं, ती सोलत सोलत आम्ही रंग म्हणायचो. माझ्या बोटाला दोनदा चटका बसला. दुसऱ्या वेळी यांनी बोट तोंडाजवळ धरून फुंकर घातली. तेव्हा आमची मुलगी कॉलेजात होती, सुट्टीला घरी आलेली. दारातून बघून म्हणाली, "पप्पा, तुम्ही आईला इंजिनियर बनवून सोडाल." मी लाजून आत गेले. आज ते आठवलं की वाटतं, थोडं थांबायला हवं होतं.

पहिल्यांदा लावून बघितलं तेव्हा डोळा शेडच्या आतच टांगला होता. दार-खिडक्या बंद करून अंधार केला. टिक झालं आणि तिन्ही बल्ब लागले. मी हात जोडले. तेवढ्यात टिक, विझले. टिक, लागले. टिक, विझले. बंद शेडमध्ये नुसती टिकटिक, आणि भिंतीवर आमच्या सावल्या येत-जात होत्या. मी म्हटलं, "बिघडलं. माझाच टाका कच्चा राहिला असेल."

हे ऐकत होते. मग हसायला लागले. इतके हसले की दाण्याच्या पोत्यावर बसले.

"अगं, हा स्वतःचाच दिवा बघतोय. दिवा लागला की याला वाटतं सकाळ झाली. म्हणून विझवतो. विझवला की वाटतं दिवस मावळला. एका मिनिटात महिना काढला की यानं." डोळे पुसत म्हणाले, "वर्कशॉपमध्ये नवी पोरं करायची ही चूक. मी एवढ्या वर्षांनी केली."

मग ती रिळाची डबी शोधली. डोळा डबीत घातला, डबी दाराबाहेर वर बसवली. आता त्याला स्वतःचा दिवा दिसत नव्हता, नुसतं मावळतीचं आकाश आणि कडुनिंब.

शेवटचं काम राहिलं होतं. पट्टीवर एक इवलासा पेच होता. तो फिरवून डोळ्याला शिकवायचं होतं की किती अंधार म्हणजे संध्याकाळ. हे यांना करता येत नव्हतं. मी पेचकस लावून पेटीपाशी उभी राहिले, हे दाराशी पाटावर.

"काय दिसतं?"

"कडुनिंब."

"पानं वेगळी दिसतात?"

"दिसतात."

थोड्या वेळानं पुन्हा, "आता?"

"वरची दिसतात. खालची नाही."

बटाट्याच्या शेतातली माणसं सायकली घेऊन निघाली. रस्त्यावरून महूची बस गेली. गारवा पायांवर चढत आला.

"आता?"

"आता एकच ढीग दिसतो."

"इथे थांब. हळूहळू फिरव. टिक झालं की सोड."

मी फिरवलं. टिक झालं. तिन्ही बल्ब लागले, आणि पिल्लं एकदम चिवचिवून गप्प झाली, जशी आई घरी आल्यावर मुलं होतात. हे म्हणाले, "तुझी संध्याकाळ आहे ही. आता रोज हाच हिशोब."

मी विचारलं, "दिवे सरळ लावायचं एक वेगळं बटण ठेवायचं का? कधी गरज पडली तर?"

"भरोसा नाही तर डोळा बसवायचा कशाला?"

ती थंडी मला आठवते ती आवाजांनी. पिल्लांना ऊब पुरेशी असली की ती दाणे सांडल्यासारखा बारीक आवाज करतात. थंडी वाजली की आवाज टोकदार होतो. यांना ते माझ्या आधी कळायचं. घराच्या मागच्या दारापासून शेडपर्यंत मी दोरी बांधली होती, तिला धरून हे एकटे यायचे-जायचे. संध्याकाळी चहा, माझं बोलणं, आणि बोलता बोलता टिक. टिक झालं की हे कप खाली ठेवायचे. मला वाटायचं, असंच राहील.

पश्चिमेकडची बटाट्याची शेतं त्याच वर्षी गेली. पुढच्या थंडीला नवी पिल्लं आणली तोवर तिथे कॉलनीची भिंत आली, फाटक आलं, चौकीदार आला. आमची मागची पायवाट भिंतीत अडकली तेव्हा हे काठी टेकत फाटकावर बोलायला गेले. मी मागे उभी होते. चौकीदार म्हणाला, "दादा, रास्ता बंद है तो क्या हुआ, आपको तो वैसे भी दिखता नहीं." त्याच्या बाजूचे दोघं हसले. हेही थोडे हसले. घरी येऊन पाणी प्यायले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. पुढे दोन दिवस नीट जेवले नाहीत.

त्यानंतर काही दिवसांनी फाटकाजवळ खांब उभा राहिला. मी दुपारी दाणे पाखडताना बघितला. उंच होता, वर वाकलेली मान, आणि दिव्याचं तोंड आमच्याकडे. त्या संध्याकाळी हे म्हणाले, "बोल." मी सगळं सांगितलं. पिल्लांच्या पंखांना नळ्या फुटल्यात. एक वासरू भिंतीपाशी येऊन अडून राहिलं, त्याला पलीकडे जायचं होतं. आकाशात उलटा पसरलेला कापूस. खांब जिभेवर आला होता. सांगितलं तर हे पुन्हा काठी घेऊन फाटकावर जातील, पुन्हा कुणीतरी हसेल, असं मनात आलं. मी तो गिळला. दिवा अजून लागलेला नव्हता, आणि तो लागला तर आपल्या डोळ्याचं काय होईल हे माझ्या डोक्यात आलंच नाही. की आलं होतं आणि मी ते मागे ढकललं? इतकी वर्षं झाली, मला अजून नक्की सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सहा डिसेंबर होता. पांढरी साडी नेसून मी कमलताईबरोबर महूला, बाबासाहेबांच्या जन्मभूमीवर गेले. चारच्या बसने परत येणार होते. तिथे कमलताई बायकांना म्हणाली, "आमच्या वहिनीनं पिल्लांसाठी यंत्र बनवलंय. विचारा तिला." त्या विचारू लागल्या, आणि मी सांगू लागले. टाका, रंग, कडुनिंब, सगळं. एवढ्या बायका माझ्याकडे बघत होत्या आणि मी बोलत होते. कमलताई म्हणाली, "आले गं बाई, मुगाला मोड आले." चारची बस गेली. पाचचीही गेली.

राऊला उतरले तेव्हा काळोख पडून बराच वेळ झाला होता. फाट्यावरून आत वळले आणि पाय थांबले. आमचा कडुनिंब पांढरा दिसत होता. पान अन् पान वेगळं दिसत होतं.

मी पळत आले. हे शेडच्या दाराबाहेर दाण्याच्या डब्यावर चढून उभे होते. उजवा हात वर, डबीच्या तोंडावर तळवा घट्ट दाबलेला. मफलर खाली पडलेला. अंगावर नुसता सदरा. त्या पांढऱ्या उजेडात यांचा चेहरा मला इतका स्पष्ट कधी दिसला नव्हता.

"आलीस? सांग, दिवे लागलेत ना?"

"लागलेत."

"तिन्ही?"

"तिन्ही."

"मग ठीक. हात काढला की टिक होतं."

"मफलर बांधायचा ना."

"दोनदा बांधला. घसरतो. दोरा शोधायला आत जावं तर तेवढ्यात विझतात."

मी डब्यावर पाय ठेवून वर चढले, यांचा तळवा हळूच बाजूला केला आणि माझा रुमाल डबीत कोंबला. टिक झालं नाही.

"काय केलंस?"

"रुमाल कोंबला."

"हां." यांनी डबीचं तोंड चाचपलं. "कोंबायचा असतो. मला बांधायचंच सुचत राहिलं."

यांचा हात खाली येत नव्हता. मी दोन्ही हातांनी धरून तो लहान मुलासारखा उतरवला. दाराच्या आत सात पिल्लं एका ओळीत ठेवली होती, चोची एकाच बाजूला. एकमेव चालू बल्बखाली गर्दी करून ती दबली होती. अंधारात नुसत्या बोटांनी यांनी ती वेगळी केली असतील, बाकीची पसरवली असतील, मग डब्यावर चढले असतील.

घरात मोहरीचं तेल कोमट करून मी खांदा चोळत होते तेव्हा यांनी विचारलं, "खांब कधी उभा राहिला?"

"काल दुपारी."

"काल संध्याकाळी तू सांगत होतीस तेव्हा होता?"

"होता."

"दिव्याचं तोंड?"

"आपल्याकडे."

यांनी पुढे काही विचारलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. मी तेल चोळत राहिले, हात गार पडेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी मी पाट मांडले, चहा आणला. हे चहा प्यायले. "बोल" म्हणाले नाहीत. मांडीवर रेडिओ घेऊन बसले होते. तिसऱ्या दिवशीही तेच. डबीत रुमाल तसाच होता, तिन्ही बल्ब दुपारीही जळत होते, मी मेन बटणानं बंद-चालू करायची, त्यात कायमचा बल्बही विझायचा. दोरी धरून हे शेडमध्ये येत, पिल्लांत हात फिरवत, परत जात. मी कडुनिंबाकडे बघून मनात वाक्यं जुळवायची आणि ती तशीच राहायची.

आठव्या दिवशी मी एकटी कॉलनीच्या ऑफिसात गेले. आयुष्यात मी कुठल्या ऑफिसात एकटी गेले नव्हते. तोच चौकीदार होता. म्हणाला, "हां अम्मा, क्या काम?"

"वो लाइट हमारी तरफ देखता है."

"लाइट देखता है?" तो आत बघून म्हणाला, "साहब, सुनो, इनको लाइट देख रहा है."

माझे कान तापले. पाय मागे वळत होते. पण मी तिथेच उभी राहिले आणि म्हटलं, "हमारे मशीन को लगता है दिन है. बच्चे ठंड से मर गए. सात."

आतून एक तरुण साहेब उठून आला. माझ्या बोलण्यावरून ओळखून म्हणाला, "मराठी का तुम्ही? मी सांगलीचा. नीट सांगा बरं, काय झालंय." मी सांगितलं. टिकटिकीपासून हातापर्यंत. तो माझ्याबरोबर शेडपर्यंत आला, डबी बघितली, रुमाल काढून पुन्हा घातला, टिक ऐकलं. मग फाटकाकडे बघून ओरडला, "भिया, सीढ़ी लाओ, इसका मुँह घुमाना है."

त्या संध्याकाळी मी चहा आणला आणि यांनी विचारायच्या आधीच बोलले. दिव्याचं तोंड वळलं, कडुनिंब काळा झाला, डबीतला रुमाल काढला.

"काय म्हणालीस त्यांना?"

"दिवा आमच्याकडे बघतो म्हणाले."

हे खूप दिवसांनी हसले. टिक झालं. कप खाली ठेवून म्हणाले, "बोल पुढे."

सगळं पूर्वीसारखं झालं. जवळजवळ. आधी माझं सांगून झालं की हे नुसती मान हलवायचे. आता थोडा वेळ थांबून विचारायचे, "अजून काही?" अगदी मऊ आवाजात. रोज. मी रोज म्हणायची, "नाही, एवढंच." आणि ते खरं असायचं, एकही गोष्ट मी मागे ठेवत नव्हते. तरी यांचं विचारणं थांबलं नाही. दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, मी वॉर्डची खिडकी सांगत होते, समोरच्या गच्चीवर वाळत घातलेली लाल चादर. हे म्हणाले, "अजून काही?" मी म्हटलं, "नाही." मग टिक व्हावं तसं काहीतरी ऐकायला हे थांबले. तिथे कुठून होणार.

आता पाच वाजून गेलेत. पेटी पुसून झाली. मुलीचं जुनं गणिताचं पुस्तक इथे पडलं होतं, त्याच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहितेय. शेडमध्ये एकही बल्ब नाही, पण मीटर चालू आहे, आणि डोळा अजून रोज काम करतो. मी विजय नगरला असते तेव्हाही इथे कडुनिंबाचा एकच ढीग झाला की टिक होत असणार. पिल्लं नाहीत, दिवा नाही, ऐकणारं कुणी नाही, आणि माझी संध्याकाळ रोज बरोबर वेळेवर इथे होऊन जाते.

मुलीचा फोन आला होता. "निघतेय आई, तू रेडी रहा." मी म्हटलं, टिक होऊ दे, मग निघू.

झालं आत्ताच. खालची पानं गेली होती, वरचीही गेली, आणि टिक झालं. मी पाट दाराशी ठेवलाय. दोन्ही.

अहो, सांगते. रस्त्यापलीकडे नवा खांब उभा राहिलाय. कालपर्यंत नव्हता, आज सकाळी खड्डा खणला. चंदेरी रंगाचा आहे, जुन्यापेक्षा उंच. दिवा बसवलाय, तार अजून जोडलेली नाही. उद्या जोडतील. तोंड आपल्याकडे आहे.

अजून काही नाही. एवढंच.